लोकशाहीचे प्रकार आणि आपला सहभाग : पिंपरी-चिंचवड ते चाकण, अर्ज नेमका कुणाकडे द्यायचा?

लोकशाही म्हटलं की आपल्या घरांत पहिल्यांदा आठवते ती बोटावरची शाई. मतदान झालं, शाई लागली, फोटो काढला, झालं. पुढची पाच वर्षं नळाला पाणी कमी आलं, गल्लीत कचरा साठला, दुकानाला नोटीस लागली की मग धावपळ सुरू होते. कुणी नगरसेवकाला फोन करतो, कुणी आमदाराच्या ऑफिसला जातो, कुणी थेट पोलीस ठाण्यात. बऱ्याचदा काम अडतं ते दार चुकल्यामुळे. लोकशाहीचे प्रकार किती आणि कोणते, आपल्या पट्ट्यात ते कुठे दिसतात आणि मतदानाखेरीज आपल्या हातात काय काय आहे, हे एका ठिकाणी मिळावं म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. नववी-दहावीच्या मुलांना राज्यशास्त्रासाठीही तो उपयोगी पडेल.

लोकशाहीचे मुख्य प्रकार

पाठ्यपुस्तकात दोन प्रकार ठळक असतात.

थेट लोकशाही : यात लोक स्वतः जमून किंवा स्वतः मत देऊन निर्णय घेतात. स्वित्झर्लंडमध्ये कायद्यांवर वर्षातून अनेकदा सार्वमत होतं. आपल्याकडचं मोठं उदाहरण गोव्याचं आहे. 16 जानेवारी 1967 रोजी तिथे जनमत कौल झाला आणि गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला.

प्रातिनिधिक लोकशाही : यात आपण प्रतिनिधी निवडतो आणि निर्णय ते घेतात. भारताची संसद, विधानसभा, महानगरपालिका या सगळ्या याच प्रकारात मोडतात.

प्रातिनिधिक लोकशाहीतही दोन पद्धती आहेत. संसदीय पद्धतीत निवडून आलेले सदस्य आपला नेता निवडतात. भारत, ब्रिटन, मलेशिया ही त्याची उदाहरणं. त्यातही ब्रिटन आणि मलेशियात राजा आहे, पण कारभार निवडून आलेलं सरकार करतं. अध्यक्षीय पद्धतीत कार्यकारी प्रमुखाची निवडणूक वेगळी होते. अमेरिका तशी आहे. इंडोनेशियात 2004 पासून राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. तुर्कस्तानने 2017 च्या सार्वमतानंतर संसदीय पद्धत सोडून अध्यक्षीय पद्धत घेतली.

तिसरा प्रकार सहभागी लोकशाही. प्रतिनिधी असतातच, पण दोन निवडणुकांच्या मधल्या काळातही बजेट, विकास आराखडा, तक्रार निवारण यांत नागरिकांना जागा असते. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये लोकांना विचारून बजेट करायला सुरुवात केली. आपल्या शेजारच्या पुणे महापालिकेने 2006 मध्ये नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायला सुरुवात केली.

एकच पट्टा, पाच प्रकारची सरकारं

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा कारखान्यांनी जोडलेला आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकणातून, पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून लोक इथे कामाला आले. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा त्यांतलेच. माणूस चिखलीत राहतो, कामाला महाळुंगेला जातो, बाजार चाकणला करतो. त्याला हा सगळा भाग एकच वाटतो. कायद्याला तसं वाटत नाही.

1. महानगरपालिका. 1970 मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि 11 ऑक्टोबर 1982 रोजी महानगरपालिका. आज 32 प्रभाग आणि 128 नगरसेवक आहेत. महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडला जातो. रोजचा कारभार मात्र राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हातात असतो. महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री, असा समज आहे. तो बरोबर नाही.

2. नगरपरिषद. चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे इथे नगरपरिषद आहे. नगराध्यक्ष सध्या थेट जनतेतून निवडला जातो. म्हणजे त्याच पट्ट्यात महापौराची निवड संसदीय वळणाची आणि नगराध्यक्षाची अध्यक्षीय वळणाची.

3. नगरपंचायत. गाव आणि शहर यांच्या मधला टप्पा. देहू हे जवळचं उदाहरण.

4. ग्रामपंचायत. चाकण एमआयडीसीतले बरेच कारखाने महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी अशा गावांच्या हद्दीत आहेत. हिंजवडीचं आयटी पार्कसुद्धा ग्रामपंचायतीच्याच गावांत उभं राहिलं. यांच्या वर खेड किंवा मुळशीची पंचायत समिती आणि पुणे जिल्हा परिषद.

5. कँटोन्मेंट बोर्ड. देहूरोडचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या बोर्डाकडे आहे. 2023 मध्ये जाहीर झालेली कँटोन्मेंटची निवडणूक रद्द करण्यात आली.

याशिवाय दोन संस्था अशा आहेत ज्यांच्यासाठी आपण मत देतच नाही, पण ज्यांचा आपल्या जगण्यावर मोठा परिणाम होतो : एमआयडीसी आणि पीएमआरडीए. पीएमआरडीए 2015 मध्ये स्थापन झालं आणि मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. प्राधिकरण नावाने ओळखली जाणारी जुनी संस्था 2021 मध्ये बंद होऊन तिचा काही भाग पीएमआरडीएकडे आणि काही महापालिकेकडे गेला. या संस्थांपुढे आपलं म्हणणं मांडायचं तर हरकत, निवेदन, माहिती अधिकार आणि आमदारामार्फत विधानसभेत प्रश्न हे मार्ग उरतात.

पोलीस आयुक्तालय मात्र 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवड आणि चाकण दोघांचं एकच आहे. म्हणून चाकणच्या माणसाला आपण पिंपरी-चिंचवडचेच आहोत असं वाटतं. पोलिसांपुरतं ते खरं आहे, पाणी-कचऱ्यापुरतं नाही.

आमदार-खासदार कोण?

पिंपरी, चिंचवड आणि भोसरी हे शहरातले तीन विधानसभा मतदारसंघ. पिंपरी अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पिंपरी आणि चिंचवड मावळ लोकसभेत येतात, भोसरी शिरूर लोकसभेत. चाकण खेड-आळंदी विधानसभेत आणि शिरूर लोकसभेत. नाशिक फाट्याच्या आसपास राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे खासदार वेगळे असू शकतात. आपला मतदारसंघ मतदार यादीवरून पाहून ठेवा, अंदाजाने सांगू नका.

दार कोणतं? तीन उदाहरणं

*शास्तीकर.* अनधिकृत बांधकामांवर 2008 पासून मूळ मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू झाली. गुंठा-दीड गुंठ्यात घर बांधलेल्या हजारो कुटुंबांवर थकबाकीचा डोंगर उभा राहिला. बिल महापालिकेचं, पण तरतूद राज्याच्या कायद्यातली. म्हणून महापालिका ती स्वतःहून माफ करू शकत नव्हती. वर्षानुवर्षं मोर्चे झाले, प्रत्येक निवडणुकीत विषय गाजला, आणि शेवटी मार्च 2023 मध्ये राज्य सरकारने शास्ती माफीचा आदेश काढला. शास्ती माफ झाली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं नाही. ते वेगळं प्रकरण आहे.

*रेड झोन.* देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीच्या 2000 यार्डांच्या हद्दीत तळवडे-निगडी बाजूची अनेक घरं अडकली आहेत. हा विषय संरक्षण मंत्रालयाचा, म्हणजे केंद्राचा. इथे नगरसेवकाचं वचन पुरत नाही, खासदाराला धरावं लागतं.

*पवना जलवाहिनी.* शहराला धरणातून बंद पाइपने पाणी आणायचा प्रकल्प होता. मावळच्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध होता. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात एक महिला आणि दोन पुरुष असे तीन शेतकरी मरण पावले. प्रकल्पाला स्थगिती मिळाली, ती 2023 मध्ये उठली. शहराला पाणी हवं होतं हे खरं, आणि ज्यांच्या शिवारातून पाइप जाणार त्यांना आधी विचारायला हवं होतं हेही खरं. बहुमत शहराचं म्हणून गावाचं ऐकायचंच नाही, असा लोकशाहीचा अर्थ होत नाही. संख्येने लहान असलेल्या प्रत्येक समाजाला हा मुद्दा चटकन कळतो.

नगरसेवकच नसतील तर?

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनुसार महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पिंपरी-चिंचवडमध्ये 2017 ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि प्रशासक बसले. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला आणि 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झालं. मध्ये जवळपास चार वर्षं गेली. एवढ्या काळात पाण्याची लाइन, रस्ता, शाळेची खोली यांसाठी भांडणारा निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता.

याच काळात, फेब्रुवारी 2025 मध्ये, चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो भंगार दुकानं, गोदामं आणि शेड पाडली. त्यात आपल्या समाजातल्या अनेकांची रोजी होती. कारवाई योग्य की अयोग्य, हा न्यायालयाचा आणि वेगळ्या लेखाचा विषय आहे. आम्हाला इथे एवढंच सांगायचं आहे की अशा वेळी उपयोगी पडतात ते कागद : भाडेकरार, परवाना, कर भरल्याची पावती आणि नोटिशीला मुदतीत दिलेलं लेखी उत्तर. नोटीस आली की जमातीत मशवरा जरूर करा, पण उत्तराची तारीख चुकवू नका. वकिलाचा सल्ला त्याच आठवड्यात घ्या.

विकास आराखडा : सगळ्यात दुर्लक्षित हक्क

आपल्या गल्लीतून रस्ता जाणार की नाही, रिकाम्या प्लॉटवर शाळा, दवाखाना की कब्रस्तान, हे विकास आराखड्यात ठरतं. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि हरकतदाराला सुनावणीला बोलवावं लागतं. पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा मे 2025 मध्ये आला, हरकतींसाठी 60 दिवस मिळाले आणि हजारो हरकती दाखल झाल्या.

हरकत लिहिताना सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, आपलं म्हणणं आणि पर्यायी सूचना एवढं असावं. नुसतं "आम्हाला मान्य नाही" लिहून भागत नाही. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकाने आपली जागा, आपली अडचण लिहिली तर सुनावणीत तिला वजन येतं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

गावातली थेट लोकशाही : ग्रामसभा

थेट लोकशाही बघायला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही, निघोजे किंवा कुरुळीच्या ग्रामसभेत ती आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात; बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला त्या होतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. आपल्या घरातल्या महिलांना हे सांगितलं जात नाही. सांगायला हवं.

अडचण भाडेकरूंची आहे. चाकणच्या चाळीत दहा वर्षं राहणारा कामगार मतदार यादीत अजून परभणीत किंवा आझमगढमध्ये असेल, तर तो ग्रामसभेचा सदस्य होत नाही.

शहराच्या कायद्यातही क्षेत्रसभेची तरतूद आहे. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची, असा तिचा हेतू. प्रत्यक्षात ती क्वचितच होते. नव्या नगरसेवकांकडे मागायची पहिली गोष्ट हीच असावी.

थेट मतदानाचं आणखी एक उदाहरण महाराष्ट्रातल्या महिलांना चांगलं माहीत आहे : उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानाबाबत मतदान घेतलं जातं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. गैरहजर राहिलेली बाई इथे नकळत दुकानाच्या बाजूने मोजली जाते.

चाकणपुढचा प्रश्न

पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरची कोंडी सगळ्यांनाच माहीत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी भल्या सकाळी चाकणची पाहणी केली आणि या भागासाठी नवी महानगरपालिका करावी लागेल असं सांगितलं. असं झालं तर थेट निवडलेला सरपंच आणि ग्रामसभा जाणार, आयुक्त आणि प्रभाग येणार. निधी आणि नियोजन वाढेल, करही वाढतील, आणि हात वर करून ठराव करायची सोय जाईल. अशी हद्दवाढ करण्यापूर्वी सरकारला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. तेव्हा आपण जागे असलं पाहिजे.

मतदान : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ओळखपत्र आहे, मग मत देता येईल ना?* यादीत नाव असेल तरच. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना 8. मुलं-मुली 18 ची झाली की 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर या चार तारखांच्या हिशेबाने नोंदणी होते. मदतीसाठी 1950 हा क्रमांक आहे.

*महापालिकेची यादी वेगळी असते का?* नाही. विधानसभेच्याच यादीची प्रभागनिहाय विभागणी होते. निवडणूक घेणारा आयोग मात्र वेगळा : लोकसभा-विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोग, स्थानिक संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोग.

*गावाकडे आणि इथे, दोन्हीकडे नाव ठेवलं तर?* तो गुन्हा ठरू शकतो. जिथे राहता तिथेच नाव ठेवा.

*महापालिकेत चार मतं कशी?* एका प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा. घरातल्या मोठ्या माणसांना हे आधी समजावून सांगा.

*कंपनी सुट्टी देत नाही.* लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला पगारी सुट्टी हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम 135 ब चा हक्क आहे. तो रोजंदारीवरच्या कामगारालाही आहे.

*बुरख्यातल्या महिलांची ओळख कशी पटवतात?* महिला कर्मचाऱ्याकडून, आडोशाला, पर्दा राखून. तशी मागणी शांतपणे केंद्राध्यक्षांकडे करा.

*माझ्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर?* परत फिरू नका. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देता येतं.

उभं राहायचं असेल तर

स्थानिक निवडणुकीसाठी वय 21 हवं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. राज्याच्या ओबीसी यादीत मोमीन, तांबोळी, पिंजारी, बागवान अशा मुस्लिम बिरादऱ्याही आहेत. ओबीसी जागेवर त्यांना उभं राहता येतं, पण जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागतं. ते निवडणूक लागल्यावर नाही, आधी काढून ठेवावं. सप्टेंबर 2001 मधल्या ठरलेल्या तारखेनंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्रता येते.

धर्मानुसार वेगळे मतदारसंघ इंग्रजांच्या काळात 1909 पासून होते. घटनेने ते बंद केले. कलम 325 प्रमाणे सर्वांची मतदार यादी एकच. म्हणून आपला उमेदवार निवडून यायचा तर शेजारच्या गल्लीचीही मतं लागतात आणि शेजारच्या उमेदवाराला आपली. पाणी, शाळा, दवाखाना या विषयांवर सगळ्यांबरोबर काम केलेला माणूसच इथे टिकतो.

रोजच्या कामाची यादी

- क्षेत्रीय कार्यालय : पिंपरी-चिंचवडला अ ते ह अशी आठ आहेत. साधी तक्रार आधी इथे. महापालिकेची 'सारथी' हेल्पलाइनही आहे. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
- लोकशाही दिन : जिल्हा पातळीवर महिन्याचा पहिला सोमवार, तालुक्याला तिसरा सोमवार.
- माहिती अधिकार, 2005 : 10 रुपये फी, एका अर्जात एक विषय, 150 शब्दांपर्यंत. उत्तर 30 दिवसांत. नाही मिळालं तर 30 दिवसांत पहिलं अपील, पुढे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.
- लोकसेवा हक्क कायदा, 2015 : दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करा.
- नागरिकांचं बजेट : महापालिका कामं सुचवायला सांगते तेव्हा मोहल्ल्याच्या वतीने दोन-तीन नेमकी कामं सुचवा.
- कामगार संघटना : संघटना करणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. चाकणच्या बजाज ऑटो कारखान्यात 2013 मध्ये सुमारे 50 दिवस संप चालला. मतदान, चर्चा, माघार, तडजोड हे सगळं कामगार संघटनेतही शिकतात.

हक्क, अर्ज, हरकत, तक्रार, दाखला, जाहीर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि सरकारी कामकाजात रुजले. आपल्या घरच्या बोलीत ते आधीपासून आहेत. उर्दू शाळेत शिकलेल्या आईलाही अर्ज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तो मराठीत कसा लिहायचा, एवढंच दाखवावं लागतं. प्रत्येक मोहल्ल्यात असे दोन-तीन शिकलेले तरुण आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज लिहून द्यायला बसले, मतदार यादीतली नावं तपासायला बसले, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायची गरज राहणार नाही. सुरुवात या रविवारी आपल्याच इमारतीच्या यादीपासून करता येईल.